लॉरिन हिलचं कौतुक करताना

एखादी नवी गायिका स्वतः लिहिलेली, स्वतः चाली बांधलेली गाणी घेऊन पहिल्यांदा समोर येते. गाण्यांत थोडं सोल, म्हणजे काळ्या अमेरिकन गायकांचं भावनेने ओथंबलेलं गाणं, थोडं रॅप, म्हणजे ठेक्यावर तालात बोलणं, कुठे लोकगीताचा बाज, कुठे जॅझची छटा. मग परीक्षणांतून एक वाक्य हमखास वाचायला मिळतं: तिने वेगवेगळ्या शैलींचा सुरेख मिलाफ साधला आहे. हे वाक्य आलं की माझं मन त्या परीक्षणातून उडतं. वाक्य खोटं असतं असं नाही, पण त्यातून फक्त यादी मिळते. एवढं सगळं एकत्र येऊन गाण्यात घडलं काय, आणि गाणारीला त्याची गरज का पडली, ते कळत नाही. गरज नसताना चार शैली एका गाण्यात कोंबणारे अल्बमही ढिगाने निघतात आणि त्यांच्या वाट्यालाही हेच वाक्य येतं.

हा विषय निघाला की माझ्या डोक्यात एकच अल्बम येतो: ‘द मिसएज्युकेशन ऑफ लॉरिन हिल’. २५ ऑगस्ट १९९८ रोजी तो अमेरिकेत प्रसिद्ध झाला तेव्हा लॉरिन २३ वर्षांची होती. न्यू जर्सीतल्या साउथ ऑरेंजची मुलगी. ‘फ्यूजीज’ या त्रिकुटात गायची आणि रॅपही करायची. १९९६ मधल्या त्यांच्या ‘द स्कोर’ या अल्बमने धुमाकूळ घातलेला असल्यामुळे तिचं नाव लोकांना ठाऊक होतं. पण एकटीच्या नावावरचा हा तिचा पहिला अल्बम, आणि स्टुडिओत बसून केलेला दुसरा आजवर आलेला नाही. पहिल्या आठवड्यात अमेरिकेत सव्वाचार लाखांच्या आसपास प्रती खपल्या. समीक्षक भारावून गेले. रॅपवर उभं असलेलं हिप-हॉप, सोल, जमैकातलं रेगे, चर्चमधलं गॉस्पेल यांचा अपूर्व मिलाफ, असं तेव्हाही लिहिलं गेलं आणि आजही लिहिलं जातं.

मला हा अल्बम जिवापाड आवडतो, आणि म्हणूनच त्याचं हे कौतुक मला खटकतं. हे सगळं संगीत आधीपासून एकाच घरात नांदत होतं. लॉरिनने ते वेगळं करायला नकार दिला, एवढंच. आणि ते फार मोठं काम होतं.

हिप-हॉपचा जन्म सांगताना ११ ऑगस्ट १९७३ ची तारीख सांगतात. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात, सेजविक अ‍ॅव्हेन्यूवरच्या एका इमारतीत, धाकट्या बहिणीच्या पार्टीत एका पोराने रेकॉर्ड वाजवल्या. तो डीजे कूल हर्क. त्याचं बालपण जमैकातल्या किंग्स्टनमध्ये गेलेलं. तिथे रस्त्यावर मोठाले स्पीकर लावून रेकॉर्ड वाजवायच्या आणि वाजत्या रेकॉर्डवर माइक घेऊन तालात बोलायचं, ही जुनी रीत. हर्क ती घेऊन ब्राँक्सला आला, आणि तिथल्या पोरांना जेम्स ब्राऊन या अमेरिकन गायकाच्या फंकमधल्या, म्हणजे ठेक्यावर चालणाऱ्या नाचऱ्या संगीतातल्या, ढोलाच्या तुकड्यांवर नाचायला आवडायचं म्हणून त्याने तेच तुकडे पुन्हा पुन्हा वाजवले. म्हणजे जमैकातलं तालात बोलणं आणि अमेरिकेतलं फंक हे हिप-हॉपच्या पाळण्यातच शेजारी-शेजारी होते. पंचवीस वर्षांनी लॉरिनने रॅपमध्ये जमैकन बोली आणली, तर तिने परक्या घरातून काही उसनं आणलं नाही. ती आजोळी गेली.

घरं वेगळी केली ती धंद्याने. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेतल्या रेकॉर्ड कंपन्या काळ्या गायकांच्या रेकॉर्ड ‘रेस रेकॉर्ड्स’ या शिक्क्याखाली वेगळ्या विकायच्या. १९४९ मध्ये ‘बिलबोर्ड’ साप्ताहिकाने आपल्या खपाच्या यादीचं हे नाव बदलून ‘रिदम अँड ब्लूज’ केलं. गाणारे तेच, गाणीही तीच. कप्प्यावरची पाटी तेवढी बदलली. पुढे सोल, फंक, रॅप असे आणखी कप्पे झाले. दुकानात रेकॉर्ड कुठे ठेवायची आणि रेडिओवर ती कोणत्या केंद्राने वाजवायची, हे त्यावरून ठरू लागलं. ज्या मुलीच्या घरी आई-वडिलांच्या सोलच्या रेकॉर्ड वाजायच्या, रस्त्यावर रॅप होतं, आणि भोवतालच्या समाजात चर्चमधलं समूहगान श्वासासारखं भिनलेलं होतं, तिच्या कानांत या पाट्या कशाला असतील?

हे मी मोठमोठ्या शब्दांत सांगते आहे. अल्बममध्ये ते फार साधेपणाने येतं. सुरुवातीला शाळेची घंटा होते. शिक्षक हजेरी घेतात. मुलं एकेक करून ‘हजर’ म्हणतात. लॉरिन हिलचं नाव पुकारलं जातं, उत्तर येत नाही. पुन्हा पुकारतात. पुन्हा शांतता. ती वर्गात नाही. आणि मग पहिलं गाणं धाडकन सुरू होतं. त्या शिक्षकाचा आवाज आहे कवी आणि शिक्षक रास बराका यांचा, जे २०१४ मध्ये न्यू जर्सीतल्या नेवार्क शहराचे महापौर झाले. गाण्यांच्या अधेमधे हा वर्ग परत परत येतो. प्रेम म्हणजे काय, असं ते मुलांना विचारतात आणि मुलं आपापल्या परीने सांगतात. अल्बमच्या नावाची प्रेरणा कार्टर वुडसन या इतिहासकाराच्या १९३३ सालच्या पुस्तकातून आली. काळ्या मुलांना शाळेत जे शिकवलं जातं ते त्यांना स्वतःलाच कमी लेखायला शिकवतं, असा त्या पुस्तकाचा रोख. लॉरिनने तो सवाल प्रेमाकडे वळवला: प्रेमाबद्दल मला जे शिकवलं गेलं त्यातलं खरं किती?

पहिलं गाणं ‘लॉस्ट वन्स’. ठेका अगदी उघडाबोडका, ढोल आणि खोल बास, वर जवळजवळ काही नाही. त्यावर लॉरिन धारदार रॅप करते, मधूनच उच्चार जमैकन वळणावर जातात आणि परत येतात. ध्रुवपदाच्या भागात सिस्टर नॅन्सी या जमैकन गायिकेच्या ‘बॅम बॅम’चा पडसाद आहे. अल्बमचा काही भाग किंग्स्टनमधल्या टफ गाँग स्टुडिओत, म्हणजे बॉब मार्लीच्या स्टुडिओत, ध्वनिमुद्रित झाला. हा अल्बम ऐकताना आवाजांच्या कडा कानाला जाणवतात. कॉम्प्रेसर नावाचं यंत्र आवाजातले चढउतार दाबून सगळं एकसारखं, गुळगुळीत करतं; त्याने आवाजाचा पोत जातो म्हणून ते आपल्याला नको असतं, असं लॉरिनने त्या काळातच मुलाखतीत सांगितलं होतं. तिला गाण्यात माणसं वाजवताहेत, गाताहेत हे कळायला हवं होतं. १९९८ सालच्या चकचकीत पॉपशेजारी हे ठेवून ऐकलं तर फरक पहिल्या मिनिटातच कळतो. तिचा स्वतःचा आवाजही तसाच ठेवला आहे. खालच्या पट्टीत किंचित घोगरा, वर चढताना कधी फाटेल की काय असं वाटायला लावणारा.

ज्या गाण्यापाशी मी सगळ्यात जास्त रेंगाळले ते ‘एक्स-फॅक्टर’.

विषय जुनाच. ज्याच्यापासून दूर जायला हवं हे कळतं, त्याच्यापासून दूर जाता येत नाही. पण या गाण्याच्या तळाशी काय आहे ते पाहा. सत्तरच्या दशकात ग्लॅडिस नाइट आणि तिच्या साथीदारांनी एक गाजलेलं चित्रपटगीत आपल्या पद्धतीने, सोलमध्ये गायलं. १९९३ मध्ये वू-टँग क्लॅन या रॅप करणाऱ्या चमूने त्याचा तुकडा घेऊन त्यावर आपलं रॅप बांधलं. लॉरिनने वू-टँगच्या त्या गाण्यातला धागा उचलला आणि त्यावर पुन्हा गाणं गायलं. गाण्याचं रॅप झालं होतं, त्या रॅपचं परत गाणं झालं. पुढे २०१८ मध्ये ड्रेक या रॅपरने ‘नाइस फॉर व्हॉट’मध्ये आणि कार्डी बी या रॅपरने ‘बी केअरफुल’मध्ये लॉरिनचं हे गाणं घेतलं, म्हणजे ते पुन्हा रॅपकडे गेलं. आता यात शैलींचा मिलाफ नेमका कोणी आणि कधी केला म्हणायचा? मला तर हे एकच लांबलचक गाणं वाटतं, ज्याला दर पिढीत नवं कोणी तरी गळा देतं.

माझी मावशी शास्त्रीय गाणं शिकलेली. रॅप म्हणजे गाण्यातली बडबड, असं तिचं ठाम मत. तिला मी हे गाणं ऐकवलं, काहीही न सांगता. ती आधी गप्प बसून ऐकत होती. मग बोटांनी गुडघ्यावर मात्रा धरली. मधेच म्हणाली, ‘‘थांब गं, मागे घे जरा.’’ घेतलं. ‘‘बघ, ठेका पडतो तिथे ही शब्द टाकत नाही. जरा मागे ठेवते. मुद्दाम.’’ मग गाण्याचा उत्तरार्ध आला. तिथे कडव्यांची लांब वाक्यं संपतात आणि लहान-लहान ओळी सुरू होतात, सगळ्या जवळपास एकाच वजनाच्या, एकापाठोपाठ एक. प्रत्येक ओळीला मागून तिचाच आवाज साथ देतो. त्यावर गिटार सुटते आणि बराच वेळ थांबत नाही. मावशी म्हणाली, ‘‘इथे मात्र बरोब्बर ठेक्यावर आली. आता मागे राहण्याइतका धीर उरला नाही तिला.’’ इंग्रजी शब्द तिने फारसे पकडले नव्हते. मी नंतर ‘लॉस्ट वन्स’ लावलं, ते तिला अजिबात आवडलं नाही. ‘‘हे भांडण आहे,’’ म्हणाली. भांडणच आहे ते, तिचं काही चुकलं नाही.

मावशीचं ते निरीक्षण मला कुठल्याही परीक्षणात वाचायला मिळालेलं नाही. त्यात या अल्बमचं मर्म आहे असं मला वाटतं. ‘एक्स-फॅक्टर’मध्ये लॉरिन रॅपचा एक शब्दही म्हणत नाही. पण त्या उत्तरार्धातल्या ओळी अशाच माणसाला सुचतील ज्याने वर्षानुवर्षं ठेक्यावर अक्षरं मोजून ठेवली आहेत. प्रत्येक शब्दाचं वजन कुठे पडतं, श्वास कुठे घ्यायचा, कुठल्या अक्षरावर जोर दिला की ऐकणारा दचकेल, हे रॅपरचं भान तिच्या गाण्यात उतरलं आहे. उलट ‘डू वॉप (दॅट थिंग)’मधलं तिचं रॅप ऐका, त्यात स्वर कधी सुटत नाही, बोलता-बोलता ती सुरावर कधी येते ते कळत नाही. हा जोड गाण्याच्या आत आहे, एका ओळीच्या आत आहे. शैलींची यादी देऊन तो दिसणार नाही.

‘डू वॉप’बद्दल माझी तक्रारही आहे. पहिल्या कडव्यात ती मुलींना बोलते, दुसऱ्यात मुलांना. मुलींना बोलताना तिचा सूर मोठ्या बहिणीचा आहे, पण मधेच तो शाळामास्तरणीचा होतो, आणि केसांवरून, कपड्यांवरून मुलींना सुनावणं मला तेव्हाही टोचलं आणि आता जास्तच टोचतं. गाण्याची बांधणी मात्र अशी की तक्रार करता-करता पाय ताल धरतो. पियानो, वरून ब्रासचे, म्हणजे पितळी वाद्यांचे ठसके, आणि मागे पन्नासच्या दशकातल्या नाक्यानाक्यावर गाणाऱ्या पोरांच्या हार्मनी. व्हिडिओत पडदा उभा दुभागला आहे. एका बाजूला १९६७ ची लॉरिन, दुसऱ्या बाजूला १९९८ ची, दोघी एकाच मोहल्ल्यात एकाच वेळी गाताहेत. हे गाणं बिलबोर्डच्या मुख्य यादीत थेट पहिल्या क्रमांकावर दाखल झालं. त्यानंतर दुसऱ्या कुणाची साथ नसलेलं एखाद्या स्त्री रॅपरचं गाणं तिथे पोचायला २०१७ साल उजाडावं लागलं.

बाकी गाण्यांबद्दल थोडक्यात. ‘एव्हरीथिंग इज एव्हरीथिंग’मधला पियानो वाजवणारा मुलगा तेव्हा कॉलेजात शिकत होता, जॉन स्टीव्हन्स त्याचं नाव, जग आता त्याला जॉन लेजंड म्हणून ओळखतं. डी’अँजेलो या सोल गायकाबरोबरचं ‘नथिंग ईव्हन मॅटर्स’ इतकं संथ आहे की ठेका मोजायला जावं तर हातातून निसटतो. ‘सुपरस्टार’ मला आवडत नाही. वर्गातले संवाद पहिल्यांदा ऐकताना लोभस वाटतात, नंतर मी ते पुढे ढकलते. अल्बम सव्वा तासाहून मोठा आहे आणि तो लहान असता तर बरं झालं असतं, असं तेव्हा ज्या समीक्षकांनी लिहिलं त्यांच्याशी मी सहमत आहे.

आणि ‘टू झायन’. त्याच्याबद्दल थोडक्यात बोलता येत नाही. १९९७ मध्ये लॉरिनला मुलगा झाला. ती गरोदर असताना, हृदयाचं ऐकू नको, कारकिर्दीचा विचार कर, असं तिला सांगितलं गेलं. गाण्यात ती ते उघड म्हणते. ढोलाची चाल लष्करी संचलनाची आहे, ताशासारखी कडक. त्यावर कार्लोस सँटानाची गिटार, जी क्षणभरही कडक होत नाही. या दोहोंच्या मधून ती मुलाशी बोलते. शेवटी मागून समूहगान उठतं आणि गाणं चर्चमध्ये जाऊन पोचतं. संचलनाचा ढोल, स्पॅनिश वळणाची गिटार आणि गॉस्पेल: यादी करायची तर ही झाली. पण ऐकताना काय होतं? ठामपणे घेतलेला निर्णय ढोलात आहे, त्या निर्णयाचा हळवेपणा गिटारमध्ये, आणि एकटीने घेतलेल्या निर्णयाच्या पाठीशी माणसं उभी राहतात ती त्या समूहस्वरात. यातलं एक काढलं तर गाणं लंगडं पडेल. २२ वर्षांच्या मुलीने आपल्या पहिल्या बाळाबद्दल, आपल्या अडलेल्या वाटेबद्दल असं गाणं करावं, आणि त्यात क्षणभरही स्वतःची कीव करू नये, याचं मला आजही नवल वाटतं.

आता तिच्या वाट्याला आलेल्या कौतुकाकडे येते. फेब्रुवारी १९९९ मध्ये ग्रॅमीची दहा नामांकनं आणि एका रात्रीत पाच पुरस्कार. तोवर एका स्त्रीला एका रात्रीत इतके मिळाले नव्हते. वर्षातला सर्वोत्तम अल्बम हा मान हिप-हॉपला पहिल्यांदा मिळाला. त्याच महिन्यात ‘टाइम’ साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर ती होती, हिप-हॉपने देश कसा बदलला या लेखासाठी. पण त्या पाच पुरस्कारांची नावं नीट वाचा. सर्वोत्तम अल्बम, सर्वोत्तम नवोदित कलाकार, आणि उरलेले तिन्ही आर अँड बी, म्हणजे रिदम अँड ब्लूज विभागातले. रॅपच्या विभागातला एकही नाही. ‘लॉस्ट वन्स’ला त्या विभागात नामांकन होतं, पुरस्कार विल स्मिथला गेला. म्हणजे हिप-हॉपचा विजय म्हणून जो साजरा झाला, तो प्रत्यक्षात ती जिथे गाते त्या कप्प्याच्या दाराने आत आला. तिचं गाणं आणि तिचं रॅप हे एकच आहे हे ज्यांनी तोंडभर सांगितलं, त्यांनीच पुरस्कार देताना दोन्ही वेगळे केले.

कौतुक काळाबरोबर कसं सरकतं तेही पाहण्यासारखं आहे. ‘रोलिंग स्टोन’ मासिकाने २००३ मध्ये सर्वकालीन ५०० अल्बमांची यादी केली तेव्हा हा अल्बम तीनशेच्याही खाली होता. २०२० मध्ये नव्या परीक्षकांकडून मतं घेऊन ती यादी नव्याने केली, तेव्हा तो दहावा आला. मे २०२४ मध्ये ‘अ‍ॅपल म्युझिक’ने १०० अल्बमांची यादी काढली, त्यात पहिला. अल्बममधला एक सूरही या काळात बदललेला नाही. बदलली ती मतं देणारी माणसं. या गाण्यांवर वाढलेली, रॅप आणि गाणं यांत भिंत न मानणारी पिढी आता मतं देण्याच्या वयाला आली. मला याचा आनंद आहे. तरी क्रमांक वाचून मला अल्बमबद्दल नवं काहीच कळलं नाही, हेही खरं.

पहिल्या अल्बमच्या कौतुकाचा आणखी एक धोका असतो आणि तो इथे फार ठळक दिसला. समीक्षकांना एकटी प्रतिभा आवडते. लिहिणारी ती, चाल लावणारी ती, निर्माती ती, गाणारी ती. लॉरिनच्या अल्बमवर श्रेय असंच छापलेलं होतं आणि परीक्षणांनी ते उचलून धरलं. एका तरुण स्त्रीने पुरुषांच्या स्टुडिओत सगळी सूत्रं हाती घेतली, याचं अप्रूप रास्तच होतं. पण १९९८ सालीच ‘न्यू आर्क’ या नावाने काम करणाऱ्या चार संगीतकारांनी खटला भरला. गाणी लिहिण्यात आणि बांधण्यात आपला मोठा वाटा असून श्रेय पुरेसं दिलं नाही, असा त्यांचा दावा होता. लॉरिनच्या बाजूच्या लोकांनी हा दावा नाकारला. २००१ मध्ये कोर्टाबाहेर तडजोड झाली. त्या खोलीत कोणी काय सुचवलं हे बाहेरच्याने ठरवू नये, मीही ठरवणार नाही. मला वाटतं ते इतकंच, की मघाशी सांगितलेलं ते लांबलचक गाणं ग्लॅडिस नाइटपासून वू-टँगपर्यंत इतक्या हातांतून आलेलं. असं संगीत सगळ्यांचं असतं, त्यात लॉरिनचं स्थान मोठं असतं, आणि या दोन्ही गोष्टी एकाच वेळी म्हणता आल्या पाहिजेत. तिची दृष्टी नसती तर हा अल्बम झालाच नसता, हे म्हणायला इतरांची नावं पुसावी लागत नाहीत.

मग २००१ च्या उन्हाळ्यात ती एमटीव्ही वाहिनीच्या ‘अनप्लग्ड’ या मैफलीच्या कार्यक्रमासाठी आली. एक साधी गिटार, एक स्टूल, बाकी कुणी नाही. आवाज बसलेला. ठेका नाही, ब्रास नाही, रेगेचा बास नाही. गाण्यांच्या मध्ये ती बराच वेळ बोलते. लोकांना काय हवं आहे ते पुरवत राहणं आपण थांबवलं आहे, असं सांगते. एका गाण्यात तिला रडू आवरत नाही आणि ते तसंच ठेवलं आहे. २००२ मध्ये हे दोन सीडींचं ध्वनिमुद्रण बाजारात आलं आणि ज्यांनी तिला डोक्यावर घेतलं होतं त्यांच्यातल्या अनेकांनी ते झोडपलं. गाणी अर्धी-कच्ची आहेत, गिटार येत नाही, हे सांगायचं आहे की गायचं आहे? आक्षेपांत तथ्य आहे. काही गाणी खरंच संपता संपत नाहीत. पण ऐकताना मला सारखं जाणवतं की जो आवाज चार शैलींच्या आधाराने मोठा झाला असं लिहिलं गेलं, तो सगळे आधार काढून घेतल्यावरही तोच आहे. शब्द तसेच ठेक्याच्या जरा मागे. अक्षरांची मोजणी तशीच. ठेका धरायला तिथे कुणी नाही, तरी तो ऐकू येतो.

तेव्हापासून अनेक तरुण गायिका आल्या, गाणाऱ्या आणि रॅप करणाऱ्या, आणि त्यांच्या पहिल्या अल्बमच्या परीक्षणात लॉरिनचं नाव आल्याशिवाय राहत नाही. ‘नवी लॉरिन हिल’ हे आता कौतुकाचं ठरलेलं माप झालं आहे. ते वाचलं की मला त्या नव्या मुलीची काळजी वाटते. दुसरा अल्बम का आला नाही याची कारणं लॉरिनची तिलाच ठाऊक. त्यावर लोकांनी भरमसाट लिहिलं आहे. तिने स्वतः २०२१ मध्ये ‘रोलिंग स्टोन’शी बोलताना जे सांगितलं ते मात्र मी विसरू शकत नाही: पुढचा अल्बम करायला तुला काय मदत करू, असं विचारायला तिच्या रेकॉर्ड कंपनीतून कधी कोणाचा फोन आला नाही. त्याच वर्षी अमेरिकेत या अल्बमचा खप एक कोटीच्या वर गेल्याची अधिकृत नोंद झाली.

ज्यांनी हा अल्बम अजून ऐकलेला नाही त्यांनी क्रमाने ऐकायची गरज नाही. हेडफोन लावून ‘एक्स-फॅक्टर’पासून सुरुवात करा. पहिल्यांदा शब्दांकडे लक्ष देऊ नका, ढोल कुठे पडतो आणि तिचा आवाज कुठे पडतो एवढंच ऐका. मग उत्तरार्धात त्या छोट्या ओळी सुरू झाल्या की मागचे आवाज ऐका, पुढचा नको. ते सगळे तिचेच आहेत, आणि प्रत्येक जण वेगळं काही मागतो आहे. त्यानंतर ‘टू झायन’. आणि मग वाटलं तर ‘लॉस्ट वन्स’, जोरात.